चारीत उतरणारा माणूस

जेसीबी हा आता मराठी शब्द झाला आहे. मुळात ती जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या एका इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरे, पण आमच्या बीड जिल्ह्यात हे कुणाला सांगून पटणार नाही. इथे जेसीबी विहिरीचा गाळ काढतो, बांध कोरतो, अतिक्रमण पाडतो आणि निवडणूक आली की पुढाऱ्यावर फुलेही उधळतो. मशीन कुठल्याही कंपनीचे असो, रंग पिवळा असला की ते जेसीबीच. २०१९ मध्ये ‘जेसीबी की खुदाई’ हा विनोद मोबाईलवर फिरला तेव्हा सगळा देश हसला. आमच्याकडे त्यात हसण्यासारखे काही नव्हते, कारण खुदाई बघायला माणसे इथे खरोखरच जमतात. शाळेच्या खिडकीतून मशीनचा दांडा वरखाली होताना दिसला की माझा मराठीचा तास तिथेच संपतो.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. मोठेपणी काय व्हायचे असे विचारले की पूर्वी मुले ड्रायव्हर म्हणायची, मेकॅनिक म्हणायची. आता ‘ऑपरेटर’ म्हणतात. दहावी झाली, किंवा न होताच सुटली, की कुणी गॅरेजवर जातो, कुणी वेल्डिंगला, कुणी पोकलेनवर हेल्पर म्हणून. आपल्याकडे या विषयावर लिहायचे म्हणजे गळा काढायचा अशी पद्धत पडली आहे. मला तसे करायचे नाही. मशीन चालवणे हे हुनराचे काम आहे. दोन इंच इकडे तिकडे न होऊ देता पंधरा फूट लांबून बकेट जमिनीला टेकवणारा मुलगा माझ्या वर्गात ‘ढ’ होता, तर दोष कुणाचा हे मला नीट ठरवता येत नाही.

अशाच एका जुन्या विद्यार्थ्याने दीड वर्षापूर्वी ट्रॅक्टरला जोडायचे चारी मशीन घेतले. ट्रेंचर म्हणतात त्याला, पण गावात चारी मशीनच. ट्रॅक्टरच्या मागे एक लांब दांडा, त्यावर सायकलच्या चेनसारखी पण हाताएवढ्या दात्यांची साखळी. दांडा जमिनीत उतरवला की साखळी माती कापत, वर फेकत जाते आणि मागे वीतभर-हातभर रुंदीची, सुरीने कापल्यासारखी सरळ चारी तयार होते. ठिबकची मेन लाइन, विहिरीपासून शेतापर्यंतचा पाइप, फायबरची केबल अशी कामे मिळतात. कर्ज काढून घेतलेले मशीन. हप्ता दर महिन्याला आणि काम मात्र पावसापाण्यावर.

तो एका संध्याकाळी घरी आला तो हातात मशीनचे माहितीपुस्तक घेऊन. सगळे इंग्रजी. ‘सर, इसमें क्या लिखेला है, जरा पढ के बताव ना.’ मी म्हटले, वर्षभर चालवतोस आणि आता विचारतोस? तर म्हणाला, चालवायचे कसे ते येते, पण मशीनवर जी चित्रे चिकटवली आहेत त्यांतली दोन कळत नाहीत. एका चित्रात चावी होती आणि शेजारी उघडे पुस्तक. त्याचा अंदाज असा की हे पुस्तक चावीबरोबर फुकट मिळते असे कंपनीला सांगायचे असेल. अर्थ असा होता की मशीनला हात लावण्यापूर्वी चावी काढून घ्या आणि पुस्तक वाचा. बिनशब्दांचे चित्र सगळ्या जगाला कळते हा चित्र काढणाऱ्याचा समज आणि माझ्या विद्यार्थ्याचा अंदाज यांत कोण जास्त भोळा, हे सांगणे कठीण आहे.

मग आम्ही ते पुस्तक वाचायला घेतले. चार-पाच संध्याकाळी गेल्या. माझे इंग्रजी शिक्षकाचे, त्याचे ज्ञान हाताचे. मी वाक्य वाचायचो, तो सांगायचा की ही कुठल्या नटबोल्टाची गोष्ट आहे. बी.एड.ला आम्हाला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र पाठ करायला लावले होते. इथे ज्ञात त्याच्याकडे होते आणि अज्ञातही त्याच्याकडेच. माझ्याकडे फक्त शब्दकोश.

पुस्तकातला निम्मा भाग साखळीचा आणि शाफ्टचा होता. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गळ्यातला रुमाल, कुर्त्याची बाही किंवा शालीचे टोक त्यात गेले तर ‘अरे’ म्हणायच्या आत आठ-दहा वेढे बसलेले असतात. माणूस हात मागे घेईल एवढा वेळ त्यात नाही. म्हणून शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण असते, आणि म्हणूनच ते आवरण आमच्याकडे पहिल्या महिन्यात निघते, कारण ग्रीस भरताना मध्ये येते. दुसरा धोका साखळीत दगड किंवा बाभळीचे मूळ अडकते तेव्हाचा. हेल्पर पहार घेऊन ते काढायला जातो. ऑपरेटर वर बसलेला, इंजिन चालू, क्लच दाबलेला. दगड निघाला की अडून ताणलेली साखळी झटका देते. पुस्तकाचे म्हणणे सोपे होते. इंजिन बंद, साखळी पूर्ण थांबलेली, चावी काढलेली. माझ्या विद्यार्थ्याने त्यात एक सुधारणा केली. चावी काढून कुठे ठेवायची? तर जो खाली हात घालणार त्याच्या खिशात. ऑपरेटरच्या नाही. ही सुधारणा पुस्तक लिहिणाऱ्याला सुचली नव्हती, आणि मला ती फार आवडली.

पण वाचता वाचता माझ्या लक्षात एक गोष्ट आली. पुस्तकात जवळजवळ प्रत्येक वाक्य ऑपरेटरला उद्देशून होते. सीटवर बसा, पट्टा लावा, मागे बघा. चारीत उतरणारा माणूस त्यात कुठेच नव्हता, म्हणजे होता तो ‘इतर व्यक्तींना दूर ठेवा’ या चार शब्दांत. आमच्या कामांवर मात्र तोच माणूस सगळ्यात जवळ असतो. मशीन पुढे गेले की मागे तो उतरतो. तळाला पडलेली माती काढतो, उंचसखल सारखे करतो, पाइप ओढून घेतो, जोड बसवतो. त्याला सीट नाही, लायसन्स नाही, पुष्कळदा हजेरीवर नावही नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या मशीनवर हा माणूस म्हणजे त्याचा मामेभाऊ, एकोणीस वर्षांचा. तोही माझ्याच शाळेचा.

आता जरा मातीबद्दल.

आमच्या गावच्या कब्रस्तानात कबर खोदणारे एक चाचा आहेत. जनाजा उचलण्याआधी दोन-तीन तास त्यांना निरोप जातो. मी त्यांना कितीदा तरी खोदताना पाहिले आहे, पण विचारायचे कधी सुचले नव्हते. या निमित्ताने विचारले. कबरीचे दोन प्रकार आपल्याला ठाऊक आहेत. लहद म्हणजे खड्ड्याच्या किबल्याकडच्या बाजूला आत कोरून केलेली बगल, आणि दुसरी मधोमध खोल चर घेऊन वर बरगे, म्हणजे लाकडी फळ्या, टाकलेली. मदरशातल्या पुस्तकात लहद चांगली असे लिहिलेले असते आणि पुढेच लिहिलेले असते की जमीन कच्ची असेल तर दुसरी करा. चाचांनी आयुष्यात लहद फार थोड्या खोदल्या, त्याही डोंगरपट्ट्यात, मुरमात. ‘काली मट्टी में बगल निकाले तो ऊपर का सब नीचे. मय्यत को नको, पहले मेरे कूच दबा देगी.’ फिकहची शेकडो वर्षांची चर्चा त्यांनी एका वाक्यात मिटवली.

मग त्यांनी जे सांगितले ते मी घरी येऊन लिहून ठेवले. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. वरून कोरडी ठणठणीत दिसली तरी हातभर खाली ओल असते. खोदताना ते माती काठावर टाकत नाहीत, दूर टाकतात, कारण काठावर टाकलेली माती काठालाच खाली दाबते. जुन्या कबरीला लागून खोदायची वेळ आली तर त्या बाजूने दोन वीत सोडून खोदतात, कारण एकदा उकरलेली माती पुन्हा कधी पहिल्यासारखी बसत नाही. काठाला समांतर बारीक भेग दिसली की बाहेर यायचे, मग वर लोक घड्याळ बघत का उभे असेनात. आणि शेवटी एका टोकाला पायरी ठेवायची, चढून यायला. मी विचारले, हे कुणी शिकवले? म्हणाले, बापाने. बापाला कुणी शिकवले? म्हणाले, त्यांचे एक भाऊ विहीर खोदताना गेले.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांना एक सुरक्षा संहिता जोडलेली असते. भारतीय मानक ब्युरोचे खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३७६४ नावाचे वेगळे मानकही आहे. चाचांकडून आल्यावर मी ती संहिता मिळवून वाचली. चर दीड मीटर किंवा त्याहून खोल असेल तर बाजू उतरत्या पायऱ्यांनी मागे घ्याव्यात, नाहीतर लाकडी आधाराने पक्क्या धरून ठेवाव्यात. काढलेली माती काठापासून दीड मीटरच्या आत टाकू नये, किंवा चराच्या खोलीच्या निम्म्या अंतराच्या आत. दोन्हींत जे जास्त असेल ते धरावे. सव्वा मीटरच्या आसपास खोली झाली की दर तीस मीटरला एक तरी शिडी हवी आणि तिचे टोक जमिनीच्या वर सुमारे तीन फूट यायला हवे. खोदाई वरून खाली करावी. खालून पोखरू नये, कुठल्याही परिस्थितीत नाही. चाचांनी यातले काही वाचलेले नाही. पण दूर टाकलेली माती, वर यायची पायरी, बगल न पोखरणे, हे सगळे त्यांच्याकडे आहेच.

इंग्रजीतल्या ‘शोअरिंग’ला मराठीत काय म्हणायचे यावर मी एक पूर्ण दिवस घालवला. शब्दकोशात अवजड काहीतरी सापडले. मग एका म्हाताऱ्या गवंड्याने सहज सांगितले, ‘धिरे द्यायचे.’ धिरा. कलणाऱ्या भिंतीला लावायचा टेकू. मातीच्या भिंतीला धीर द्यायचा. असा शब्द असताना आपण ‘शोअरिंग’ म्हणतो आणि मग करतही नाही.

एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. म्हणजे दोन लहान मोटारी. चारीची बाजू कोसळते तेव्हा एवढी माती डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच खाली येते. माणूस छातीपर्यंत जरी गाडला गेला तरी त्याला श्वास घेता येत नाही, कारण प्रत्येक श्वास सोडताना छाती जेवढी आत जाते तेवढी माती आत सरकते आणि पुढचा श्वास आणखी लहान होतो. ‘गळ्यापर्यंतच गाडला होता, तोंड बाहेर होतं, मग मेला कसा?’ असे लोक विचारतात. असा मेला. आणि दीड मीटर हा आकडा ऐकून कुणी म्हणेल की साडेपाच फुटी माणसाचे डोके तर बाहेरच राहील. उभा असताना राहील. पण चारीत कुणी उभे राहायला उतरत नाही. पाइपाचा जोड बसवायला तो उकिडवा बसतो, आणि बसलेल्या माणसाचे डोके जेमतेम अडीच-तीन फुटांवर असते. तेव्हा दीड मीटरच्या आतली चारी सुरक्षित असा उलटा अर्थ कुणी काढू नये.

हाताने खोदायचे दिवस गोड होते असे मला म्हणायचे नाही. अब्बा १९७२ च्या दुष्काळात खोदकामावर होते; त्यांच्या तळहाताला शेवटपर्यंत घट्टे होते आणि त्या दिवसांबद्दल ते फारसे बोलायचे नाहीत. वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माती-दगडाचे काम केले, त्यात किती माणसे गेली याची नोंद कुणाकडे नाही. पण हाताच्या खोदाईत एक गोष्ट होती. सहा फुटांची चारी व्हायला दिवस लागायचा. तेवढ्यात माती किती ओली आहे, थर कुठे बदलतो, पाझर कुठून येतो हे खोदणाऱ्याला कुदळीतून कळत जायचे. शिवाय हाताने खोदलेली बाजू ओबडधोबड, जरा उताराचीच व्हायची. मशीन तेच काम काही मिनिटांत करते. जो चारीत उतरणार आहे त्याने ती खोदलेलीच नसते. त्याला दिसतात त्या गुळगुळीत, सरळसोट भिंती, आणि गुळगुळीत भिंत पक्की वाटते. ती तशी नसते. नुकत्याच कापलेल्या काळ्या मातीची उभी भिंत अजून कोसळलेली नाही, एवढेच तिच्याबद्दल सांगता येते.

जमिनीखालच्या कामात बीड काही नवखे नाही. शहराच्या दक्षिणेला खजाना बावडी आहे. निजामशाहीच्या काळात बांधलेली ही विहीर जमिनीखालच्या नाल्यांतून पाणी आणते आणि देते, तेही केवळ उताराच्या हिशेबावर. सहलीला आलेल्या मुलांना आम्ही ती दाखवतो, वास्तुकार राजा भास्कर आणि ती बांधवून घेणारा सलाबत खान यांची नावे सांगतो. मुले एकदा विचारती झाली, ‘सर, अंदर कौन घुसा था?’ या प्रश्नाचे उत्तर फलकावर नाही.

खंदक हा शब्द मराठीत किल्ल्यांबरोबर आला. मूळ फारसी, अरबीतून फिरून आलेला. इ.स. ६२७ मध्ये मदिन्याच्या रक्षणासाठी सलमान फारसी यांच्या सल्ल्यावरून खंदक खोदला गेला, त्याची गोष्ट आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पैगंबर (स.) स्वतः त्या खंदकात माती वाहत होते, अंगावर धूळ बसली होती, हेही पाठ असते. खोदायला सांगणारा स्वतः खंदकात होता. मी ही गोष्ट वर्गात अनेकदा सांगितली आहे. गुत्तेदारांना सांगायची वेळ अजून आलेली नाही.

गुत्तेदार हा आमचा मराठवाड्याचा शब्द. इकडे पश्चिमेला ठेकेदार म्हणतात. हल्ली त्यांच्याकडे कामांची कमी नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झाले आणि गावोगाव पाइपलाइनसाठी रस्ते उकरले गेले. फायबरच्या केबलसाठी सरकारी कामात चारीची ठरलेली खोली साधारण १६५ सेंटिमीटर असते, म्हणजे दीड मीटरच्या रेषेच्या पलीकडे. गेवराई-माजलगावकडे गोदाकाठची काळी माती, पाटोदा-धारूरकडे बालाघाटचा मुरूम आणि खडक. मुरमाची बाजू कडक उभी राहते आणि पडली तर फळीसारखी अख्खी पडते. जुन्या गावठाणात आणखी वेगळी गोष्ट. तिथे मातीच्या भिंतींची माळवदाची घरे, पाया जेमतेम दोन-तीन फूट, आणि गल्लीतली चारी भिंतीला चिकटून. शेजारी खड्डा पडला की भिंतीचा आधारच जातो. २९ जून २०१९ च्या पावसात पुण्यात कोंढव्याला संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ माणसे गेली. त्या भिंतीलगतच नव्या इमारतीचे खोदकाम चालू होते.

मोठ्या कामांवर सगळे नीट असते असा आपला समज असतो. २०२४ च्या मे अखेरीस वसई तालुक्यात ससूनवघरजवळ सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या खड्ड्यात बाजू ढासळली आणि खोदणारा चालक मशीनसकट आत गाडला गेला. एनडीआरएफ आली, लष्कराची मदत आली, कित्येक दिवस शोध चालला. तिथे अभियंते होते, नकाशे होते. आमच्या गावात एक गुत्तेदार, एक मशीन, चार माणसे आणि बघायला जमलेली चाळीस पोरे.

आमच्या वाचनानंतर तीन-चार महिन्यांनी माझ्या विद्यार्थ्याला एका गावच्या पाइपलाइनचे काम मिळाले. सगळी चारी साडेतीन-चार फुटांची. पण ओढ्याजवळ पाइप खाली न्यायचा म्हणून शंभरेक फूट लांबीत सात फूट खोल खोदाई होती. ती दुसऱ्याच्या जेसीबीने झाली. माती काठावरच, ढिगाने. रात्री पाऊस पडून गेला. सकाळी तळाला सुटलेल्या मातीचा थर होता आणि गुत्तेदाराने मामेभावाला फावडे घेऊन उतरायला सांगितले. याने नको म्हटले. बाजू मागे घ्या, नाहीतर धिरे द्या, नाहीतर माती वरूनच बकेटने काढा आणि पाइप वर जोडून मग खाली सोडा. हा शेवटचा उपाय तर फुकटचा होता. काळे एचडीपीई पाइप जमिनीवरच वितळवून जोडता येतात आणि अख्खी लांबी वाकवत चारीत सोडता येते. कुणाला उतरायचे कारणच उरत नाही. गुत्तेदार म्हणाला, ‘दहा मिनिटाचं काम आहे. तू लई शिकलास का?’ आणि मग ते नेहमीचे वाक्य: ‘अल्लाह मालिक है म्हणता ना तुम्ही?’

मामेभाऊ उतरला नाही. दुसरा एक मजूर उतरला, दहा मिनिटांत माती काढून वर आला, काही झाले नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. चारी त्या दिवशी कोसळली नाही. कोसळली असती तर माझा विद्यार्थी शहाणा ठरला असता. कोसळली नाही म्हणून तो भित्रा ठरला. दुसऱ्या दिवशी त्याचे मशीन कामावरून काढले आणि बारा दिवसांचे पैसे अडकले. ते अजून पूर्ण मिळालेले नाहीत. त्या महिन्याचा हप्ता त्याच्या बायकोच्या बांगड्यांवर गेला. बहुतेक चाऱ्या बहुतेक दिवशी कोसळत नाहीत, आणि त्यामुळेच नको म्हणणाऱ्याच्या बाजूने दाखवायला त्या दिवशी काहीही नसते. अल्लाह मालिक है हे चाचाही म्हणतात, आणि पायरी ठेवूनच खोदतात.

गुत्तेदार दुष्ट होता असेही नाही. त्याला दर मीटरमागे ठरलेला भाव मिळतो. त्या भावात धिऱ्यांच्या फळ्या कागदावर असल्या तरी वरपासून खालपर्यंत टक्के कापत येताना त्या कुठे गळतात ते सगळ्यांना माहीत आहे. पाइप किती मीटर टाकला हे मोजायला माणूस येतो. धिरे होते का हे मोजायला कुणी येत नाही. बुजवल्यावर मोजताही येत नाही.

त्या पुस्तकातून, संहितेतून आणि चाचांकडून जे मिळाले त्याचे आम्ही एक पान केले. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. ओळी थोड्या, अक्षर मोठे. उर्दूतले वाचून एका पोराने विचारले, ‘सर, इम्तेहान में आएगा क्या?’ चावी कुणाच्या खिशात, काठाची भेग, माती किती लांब, पावसानंतर पहिले कोण बघणार, हे त्यात आहे. खोदण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे ते विचारा, हेही. त्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे सरकारी ॲप मार्च २०२३ मध्ये आले, पण गावात त्याच्याही आधी जुन्या वायरमनला आणि पाणी सोडणाऱ्याला विचारा, असे विद्यार्थ्याने घालायला लावले. वर तारा असतील तर बूम उचलण्याआधी मान वर करा, हे मी घातले.

एक ओळ आम्ही तीनदा लिहिली: चारी कोसळली तर काय करायचे. पहिली ऊर्मी उडी मारण्याची असते, आणि एक गाडला गेला की त्याला काढायला उतरलेल्यांवर दुसरी बाजू येते. दुसरी ऊर्मी बकेटने उकरण्याची. ती आतल्या माणसाला कापते. दोराने ओढणेही तसेच. म्हणून: मशीन बंद, गर्दी काठापासून मागे, १०८ आणि ११२ ला फोन, पडलेल्या बाजूला फळ्या-दारे जे मिळेल त्याचा धिरा, आणि मग हाताने, आधी तोंड, मग छाती. ही ओळ लिहिताना मामेभाऊ शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, फक्त ‘छाती’ या शब्दाखाली रेघ मारली.

पानाच्या तळाशी बांधकाम कामगार नोंदणीची माहिती आहे. १९९६ च्या कायद्यातून राज्यात कल्याणकारी मंडळ उभे राहिले. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर नाव नोंदवता येते. दाखला गुत्तेदार देतो, ग्रामसेवकही देऊ शकतो. नोंदणी असताना कामावर मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख मिळतात. आपल्या मोहल्ल्यातली पुष्कळ पोरे हे काम करतात आणि स्वतःला कामगार समजत नाहीत. ‘मशीनवर असतो’ म्हणतात. मामेभावाची नोंदणी झाली. दाखल्यासाठी चार खेटे पडले.

विद्यार्थी आता जास्त करून शेतातली कामे घेतो. शेतकरी ऐकतो, कारण चारीत पुष्कळदा त्याचाच मुलगा उतरणार असतो. ट्रॅक्टरच्या मडगार्डला त्याने एक वेळूची काठी बांधली आहे, दीड मीटरवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. ती चारीत उभी धरायची. टेप बुडाली की कुणी उतरायचे नाही. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मशीनवाल्याने तशीच काठी मागितली. हा कापून द्यायला लागला तर तो म्हणाला, मीटरबिटर नको, पाच फुटांवर खूण कर, माझ्या पोरांना फूटच कळतात.